माझ्या आवाजाने कारखाना बंद पाडला तो हंगाम

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला जाऊन नुसते शेंगदाणे आणि मीठ उरलं, की एखाद्या सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो वास येतो. उकळत्या रसाचा, ओल्या भुशाचा आणि त्यात मिसळलेला मळीचा आंबूस वास. नव्या माणसाला तो सोसत नाही. पाहुणे आले की नाकाला पदर लावून विचारतात, "काय जळतंय हो?" मी सांगते, "जळत काही नाही, हंगाम सुरू झालाय."

दुपारपर्यंत दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीतून उडालेली काळी कुसळं येऊन बसतात. माझे यजमान माजलगावात गणित शिकवतात आणि हट्टानं पांढरे शर्ट घालतात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ते काळे तीळ लावलेल्या भाकरीसारखे दिसतात. रस्त्यावर टायरगाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज, उसाच्या ढिगाखाली ट्रॅक्टर आहे की नाही असा प्रश्न पडावा अशा ट्रॉल्या, आणि ढिगाच्या टोकावर मांडी घालून बसलेल्या, वाऱ्यात पदर सावरणाऱ्या बायका. यंदाही सगळं तसंच आहे. आणि वास आला की दरवर्षी मला तो एक हंगाम आठवतो. अजून कान गरम होतात.

मी मूळची धारूरची. अंबाजोगाईला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि या साखर कारखान्यात 'संगणक चालक' म्हणून लागले. माझं काम काय, हे कारखान्यात कुणालाच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे वायर असलेली प्रत्येक वस्तू माझी झाली. गेस्ट हाऊसचा मिक्सर अडला, बोलवा रेखाताईला. प्रयोगशाळेतलं घड्याळ मागं पडलं, बोलवा. एकदा तर अध्यक्षांच्या आईचं कानातलं यंत्र घेऊन त्यांचा ड्रायव्हर आला होता. मी त्यातला सेल उलटा होता तो सुलटा केला. त्या दिवसापासून म्हातारीला सुनांचं सगळं ऐकू यायला लागलं आणि त्या घरात मला फारसं कुणी बोलावलं नाही.

पण काम मला मनापासून आवडायचं. संगणकांच्या पोटात भुशाची धूळ साचून पंखे गळपटलेले असायचे. गोदामातल्या एका बिनझाकणाच्या यंत्रात चिमणीनं रीतसर घरटं केलं होतं. सर्व्हरची खोली ही कारखान्यातली एकमेव थंड खोली, म्हणून शेतकी अधिकाऱ्यांचं दही तिथं ठेवलेलं असायचं. मी जायचे, वायर काढायचे, फुंकर मारायचे, वायर लावायचे. पडदा उजळायचा आणि त्याबरोबर समोरच्या माणसाचं तोंड. डॉक्टरच्या रोग्यालासुद्धा बरं वाटायला चार दिवस लागतात, माझा रोगी चार मिनिटांत उठून बसायचा. "ताई, तुमी म्हंजे देवच हाव," असं म्हणायचा आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत मला विसरायचा.

मला ही नोकरी खरी शिकवली ती भास्कररावांनी. ते काट्यावरचे मुख्य कारकून. ऊस घेऊन आलेल्या गाड्या आधी आवारात थांबतात, मग एकेक करून वजनकाट्यावर येतात आणि तिथून गव्हाणीत ऊस टाकतात. गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंडच. ते रिकामं राहिलं की गाळप थांबतं. कोणती गाडी कधी पुढं घ्यायची, हे भास्करराव एका जुन्या माईकवरून ओरडून सांगत. नंबर वगैरे भानगड नाही. "पिवळ्या झुलीवाले, या आता. तुमच्या मागचे, तुमी कावून पुढं घुसायलाव? सासुरवाडीला चाललाव का?" आवार हसायचं आणि गाडी मागं सरायची. ते मला 'पोरी' म्हणायचे. साहेब लोकांपुढं कधी बोलायचं, कधी गप बसायचं आणि चहा कुणाच्या टेबलावर पिऊ नये, हे सगळं त्यांच्याकडूनच कळलं.

आणि एका पावसाळ्याच्या शेवटी एमडी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "रेखाताई, या हंगामापासून तुम्ही संगणक विभागाच्या व्यवस्थापक."

मला काचेची केबिन मिळाली. फिरती खुर्ची मिळाली. टेबलावर घंटी मिळाली, ती वाजवली की कुणीच यायचं नाही, कारण तिची वायर तुटलेली होती. मी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, तेवढ्यात सय्यदभाई दारात उभे. सय्यदभाई आमचे दुरुस्तीचे माणूस. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आधी वीजतंत्री, मग माझ्या विभागात आलेले. त्यांनी हात पुढं केला. "द्या इकडं. आता तुमी याला हात लावायचा न्हाई."

"अहो, घंटीच तर आहे."

"साहेब झालाव म्याडम तुमी. साहेबानं घंटी वाजवायची, दुरुस्त न्हाई करायची." आणि माझा सात वर्षांचा स्क्रू ड्रायव्हर त्यांनी खिशात टाकला. मी खुर्चीवर बसून दोन वेळा गोल फिरले. तिसऱ्या वेळी एमडी साहेब आत आले.

व्यवस्थापक झाल्यावर काहीतरी मोठं करून दाखवायचं असतं, असं मला वाटत होतं. म्हणून मी नवी यंत्रणा आणली. प्रत्येक गाडीला एक कार्ड. गाडी आवारात आली की कार्ड यंत्राला लावायचं, नंबर मिळायचा. मग भिंतीवरच्या फलकावर लाल आकडे आणि भोंग्यातून रेकॉर्ड केलेला आवाज: 'गाडी क्रमांक अमुक, कृपया काट्यावर यावे.' ही यंत्रणा बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीकडं मराठी आवाज नव्हता. त्यांनी विचारलं, तुमचाच देता का? मी दोन दिवस खोली बंद करून एक ते पाचशे आकडे बोलून दिले. दोनशे तेहतीसला मला शिंक आली, ती तशीच राहिली.

हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत टाकली गेली, नारळ फुटला, आणि त्या दिवसापासून माझा आवाज पंचक्रोशीत घुमायला लागला. भाजीवाली म्हणायची, "या, कृपया मेथी घ्यावे." यजमान जेवायला बसताना ताट पुढं ओढून म्हणायचे, "भाकरी क्रमांक दोन, कृपया ताटात यावे." दोनशे तेहतीस नंबर ज्याला मिळे तो शुभ की अशुभ यावर आवारात वाद व्हायचे.

आणि भास्करराव? यंत्र बोलायला लागल्यावर त्यांचं काट्यावर काय काम, असा साधा सरळ विचार मी केला. केबिनमध्ये बसून केलेले विचार फार साधे सरळ असतात. मी त्यांची बदली अभिलेख कक्षात केली. म्हणजे गोदामामागची जुन्या फायलींची खोली. ते समोर उभे राहून म्हणाले, "ठीक हाय, म्याडम." इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'म्याडम'. मला ते मानाचं वाटलं. एवढी मी तेव्हा शहाणी होते.

त्यानंतर महिन्याभरानं, सकाळी दहाच्या सुमाराला, मी केबिनमध्ये कुणाच्या तरी मूल्यमापनाचा तक्ता भरत होते. भोंग्यातून माझा आवाज आला, 'गाडी क्रमांक एकशे सात, कृपया काट्यावर यावे.' थोड्या वेळानं पुन्हा एकशे सात. पुन्हा एकशे सात. एकशे सात नंबरचा माणूस केव्हाच ऊस टाकून चहा पीत उभा होता. तो बिचारा कप घेऊन काट्यावर परत आला. मग आवाजाला काय झालं कोण जाणे. एकतीस! दोनशे बारा! नऊ! शिंक! सगळ्यांना एकदम आवतण. आणि ज्याला ज्याला बोलावलं तो तो निघाला. काट्याच्या तोंडाशी तीन ट्रॅक्टर एकमेकांत अडकले, त्यांच्या फटींतून टायरगाड्या घुसल्या, बैल जुवातच वळायला लागले. सय्यदभाईंनी धावत जाऊन वायर उपटली, तेव्हा मी गप्प झाले. पण तोवर आवारात ना पुढं जाता येत होतं, ना मागं.

गव्हाण रिकामी झाली. आणि मग कारखाना थांबला. पायांखालची ती कायमची थरथर नाहीशी झाली. हंगामात इथं कुणी शांतता ऐकलेली नसते. गेस्ट हाऊसमधला स्वयंपाकीसुद्धा झारा घेऊन बाहेर आला.

मी सर्व्हरच्या खोलीकडं पळाले. दारात सय्यदभाई आडवे उभे.

"सरका, बघू द्या मला."

"मशीन मी बघतो. तुमी माणसं बघा."

"सय्यदभाई, मला ते येतं!"

"मला बी येतं," ते शांतपणे म्हणाले. "भायेर जे चाललंय ते मला येत न्हाई. ते साहेबाचं काम हाय."

मी बाहेर आले. ऊन चढलेलं. उसाला सुरकुत्या पडायला लागलेल्या, बैलांच्या तोंडाला फेस. पहाटेपासून रांगेत असलेली माणसं माझ्याकडं बघत होती. एका टायरगाडीवरून एक बाई उतरून सरळ माझ्यापुढं आली. डोक्याला फडकं, हाताला ऊस कापून पडलेले चरे. नंतर कळलं, मंदाबाई तिचं नाव.

"तूच का गं ती? सकाळपासनं यावे यावे म्हणून बोंबलायलीस? आलो तर जागा न्हाई!"

"मावशी, यंत्र बिघडलंय."

"यंत्र बिघडलंय तर तू काय करायलीस?"

सात वर्षं कुणीही बिघडलं म्हटलं की माझे हात आपोआप चालायचे. आता हातात काही नव्हतं आणि समोर दीडशे गाड्या. मला एकच माणूस आठवला, आणि तो मीच गोदामामागं पाठवलेला.

भास्करराव मफलर गुंडाळून फायलींना दोरे बांधत बसले होते. मी दारातून म्हणाले, "काका, माझं चुकलं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठलं? दोन-तीन गोष्टी चुकल्यात तुमच्या."

"सगळंच."

त्यांनी हातातल्या फायलीची गाठ नीट पक्की केली, ती फळीवर ठेवली, हात झटकले. मग उठून म्हणाले, "चल पोरी. कुठं अडकलंय ते दाव."

जुना माईक मी फेकून द्यायला सांगितला होता. तो सय्यदभाईंनी कपाटातून काढून दिला. "मी ऐकलं न्हाई तुमचं," एवढंच म्हणाले.

भास्करराव काट्याच्या ओट्यावर चढले, माईक फुंकला. "ऐका रे! पयलं सगळ्यांनी इंजिनं बंद करा. लाल फेटेवाले पाव्हणे, तुमचा उजवा बैल तापट हाय, मला ठावं हाय. त्याला पयलं काढा. त्याच्या मागं गाभण म्हशीवानी टेकलेला ट्रॅक्टर कुणाचाय? तुमी एक हात मागं. पुढं न्हाई वो, मागं. ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमच्या ट्रॅक्टरला भूक लागत न्हाई, तुमी थांबा. बैलं आधी!" कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. महिनाभर आवारात हसण्याचा आवाज आलेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी पाण्याचा टँकर आणवला. उपाहारगृहातून चहाची पातेली बाहेर काढवली. बादल्या उचलल्या. मंदाबाईनं माझ्या हातात कासरा दिला, "धर, मी त्याला पाण्याची बादली लावते." बैलाला मी आयुष्यात कधी हात लावलेला नव्हता. घाबरून मी त्याला समजावायला गेले, "थांब हं बाबा, शांत..." तोंडातून शब्द निघायचा अवकाश, बैल पुढं चालायला लागला. मी ओरडले, तो आणखी जोरात.

"तू बोलू नगंस बाई!" मंदाबाई ओरडली. "म्हैनाभर झाला, तू बोलली की गाडी काट्यावर जाती. त्येला सवय झालीया!"

बैलाएवढी माझी आज्ञा आजवर कुणी पाळलेली नाही. मी तोंडात पदर कोंबून कासरा धरून उभी राहिले. मंदाबाई खाली बसून हसत होती. तिला ठसका लागला, तिला बघून मलाही हसू फुटलं. व्यवस्थापक झाल्यावर मी पहिल्यांदा हसले ते असं, शेणात एक पाय घालून.

बाराच्या आत काटा मोकळा झाला. गव्हाणीत ऊस पडला आणि जमीन पुन्हा थरथरायला लागली. तेवढ्यात सय्यदभाई आले. हातात यंत्रणेची पेटी, झाकण उघडं. आत सर्किटवर मुंग्यांचं अख्खं गाव वसलेलं, पांढरी अंडी, गल्लीबोळ सगळं. "म्याडम," ते म्हणाले, "ह्यांनी बी मोळी टाकली."

मला घाम फुटला, तो मुंग्यांमुळं नाही. साखर कारखान्यात संगणक ठेवायचा म्हणजे मुंग्या येणारच. दर दसऱ्याला मी एकटी सगळ्या यंत्रांभोवती हळद आणि बोरिक पावडरीची रेघ ओढत असे. सात वर्षं. ते कुठं लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्यात लपवायचं काही नव्हतं, पण सांगावं असंही कधी वाटलं नाही. आपण केलं की झालं. त्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात मी केबिनमध्ये बसून संचालकांसाठी सादरीकरण करत होते. विषय होता 'जोखीम व्यवस्थापन'.

दुपारी बैठक झाली. पुण्याची कंपनी पडद्यावरून म्हणाली, मुंग्या करारात येत नाहीत. एमडी साहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली. "चूक कुणाची?"

सगळ्यांनी सय्यदभाईंकडं पाहिलं. त्यांचा काही संबंध नव्हता, ते दाराजवळ बसले होते एवढंच. मला कळत होतं, गप्प बसलं तर हे असंच तिकडं सरकून जाईल. फिरत्या खुर्चीचा मोहही थोडा झाला, खोटं कशाला बोलू. मग मी म्हणाले, "माझी." आणि हळदीपासून सगळं सांगितलं. भास्कररावांच्या बदलीचंही.

एमडी साहेबांनी पेन्सिल उचलून खिशाला लावली. "बरं," म्हणाले. "मग पुढं काय?"

माझ्याकडं सादरीकरण नव्हतं. तोंडीच सांगितलं. नंबर यंत्रानं द्यावा म्हणजे घुसखोरी होणार नाही, पण बोलवायचं माणसानं. भास्करराव परत काट्यावर. त्यांच्या हाताखाली दोघी जणी तयार करायच्या. आणि मी जे जे हातानं करत होते, ते सगळं सय्यदभाईंना सांगायचं. नंतर ते सांगता सांगता अख्खी वही भरली. मला वाटत होतं चार पानं होतील. सय्यदभाई लिहिता लिहिता मधूनच थांबून विचारायचे, "हे बी तुमीच करत होताव?" आणि मला अभिमान वाटायच्या ऐवजी लाज वाटायची. सात वर्षं मी मदत करत होते असं समजत होते. खरं तर कुणाला काही शिकू देत नव्हते. माझ्याशिवाय अडावं, ही गोडी कुठंतरी मला लागलेली होती. मुंग्यांना तरी मी काय म्हणून दोष द्यावा?

तो हंगाम नीट पार पडला. त्याच्या पुढच्या हंगामानंतर भास्करराव निवृत्त झाले आणि धारूरला शेतावर राहायला गेले. काट्यावर आता त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दोघी बसतात. त्यातली एक त्यांच्यापेक्षाही तिखट बोलते. घंटी सय्यदभाईंनी दुरुस्त केली. ती वाजवली की आता माणसं येतात, म्हणून मी वाजवत नाही, उठून जाते.

परवा माहेरी गेले होते, तेव्हा भास्कररावांकडं जाऊन आले. घाट चढून गेलं की हवा एकदम कोरडी, गार होते, तिथं मळीचा वास नाही की भोंगा नाही. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हंगामाच्या चार गोष्टी झाल्या. चहा झाला. मग ते सहज बोलावं तसं बोलले, "त्या दिवशी तू आलीस ना फायलीच्या खोलीत, तवा माज्या खिशात राजीनामा होता."

"काय सांगता?"

"आठ दिवस झाले होते लिहून. लई कडक लिवला होता. तुझं नाव चार वेळा घेतलं होतं."

"मग दिला का नाही?"

"हातानं लिवलेला बरा दिसत न्हाई. टाईप करून पाहिजे होता." ते शेंग मोडत म्हणाले. "आणि सगळ्या कारखान्यात मराठी टायपिंग तुलाच चांगलं येतंय. तेवढ्या फायली बांधल्या की तुझ्याकडंच येणार होतो. तेवढ्यात तूच आलीस."

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "काका, आणला असतात, तर मी टाईप करून दिला असता असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी दाणे सुपात टाकले, माझ्याकडं पाहिलं. "दिला असतास की. वर माझं शुद्धलेखनबी सुधारलं असतंस."